शिंपलाजोड

"ही बाई कोण?" माल्खस म्हणाला, आणि करवतीची मूठ सोडून त्याने कपाळावरचा घाम पुसला.

बाईबिई कुणी नव्हती. आमच्या गिऱ्हाइकाच्या, वेनुस्तुसच्या घरामागच्या अंगणात आम्ही दोघंच होतो, आणि आमच्या मध्ये नुकताच चिरून उघडलेला पिवळा दगड. करवतीची एक मूठ माल्खसकडे असते, दुसरी एरवी त्याच्या जोडीदाराकडे. पण चिरेचा शेवटचा भाग मी दुसऱ्याच्या हाती देत नाही, तेव्हा मूठ मी धरतो. करवतीला दात नसतात, खरं कापते ती वाळू, आणि शेवटी शेवटी माणसाला घाई सुटते, वाळू कमी पडते, आणि लादीचा कोपरा टवका होऊन उडतो. माझ्या हातून आजवर कोपरा उडालेला नाही. तर दोन्ही लाद्या आम्ही अलगद बाजूला केल्या, शिंपला उघडावा तशा उघडल्या, आणि भिंतीला टेकवून शेजारीशेजारी उभ्या केल्या. दगडाच्या पोटातली ही दोन्ही तोंडं एकसारखी असतात, एकीची उजवी ती दुसरीची डावी. नीट लावल्या की शिरा मधोमध येऊन भेटतात आणि भिंतीवर आरसा धरल्यासारखं दिसतं. आम्ही याला शिंपलाजोड म्हणतो. रोममध्ये शिंपलाजोड लावणारे पुष्कळ आहेत, बिनचूक लावणारा मी आहे. ही फुशारकी नाही. कावळ्यासारखे एकमेकांना टोचणारे इथले सगळे मिस्त्री या एका गोष्टीवर एकमताचे आहेत, यावरून काय ते समजा.

"अरे नूमिद्या, बघ की," माल्खस म्हणाला. हा सीरियाचा, मी समुद्रापलीकडच्या नूमिदियाचा. आम्ही दोघं म्हातारे झालो पण याने मला कधी नीट नावाने हाक मारली नाही. "डोक्यावरून शाल घेतलीय. ही मान. हे कमरेशी काहीतरी धरलंय. आणि हा बघ, हात बाहेर काढलाय. दोन्हीकडे आहे. दोन बाया."

मी बघितलं. मला शिरा दिसल्या. पिवळ्यात लाल, कडेला जांभळट, वरून खाली उतरलेल्या, मधे एकदा फुगून परत बारीक झालेल्या, आणि त्यातून एक आडवी फुटलेली. असली शीर मी लहानपणापासून बघत आलोय. हा दगड माझ्या गावचा, सिमिथ्थूसचा. सबंध जगात हा पिवळा दुसरीकडे निघत नाही. रोममध्ये जिथे जिथे म्हणून पिवळा खांब किंवा पिवळी फरशी आहे, तिथे तिथे आमच्या डोंगराचा एक तुकडा कमी झालेला आहे. बाजारचौकात चालताना मला कधी कधी हसू येतं, की हे सेनेटर, हे वकील, हे भाडोत्री रडणारे, सगळे माझ्या गावावरून चालताहेत आणि त्यांना पत्ता नाही. तर असा दगड, आणि त्यात माल्खसला बाई दिसते आणि मला दिसत नाही. मला राग आला. "तुझ्या डोळ्यांत वाळू गेलीय," मी म्हणालो, "धुऊन घे." तो हसला, पण दगडाकडे बघतच राहिला.

दुपारी मालकीणबाई आल्या. साबिदिया नाव, वेनुस्तुसची बायको. पंचविशीच्या असतील, पोट चांगलं पुढे आलेलं, आणि चालताना एक हात सतत भिंतीला. ही भिंत त्यांच्याच हौसेची होती. जेवणघराच्या समोरच्या भिंतीवर पिवळा हवा, पायाशी हिरवा हवा, असं त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं, आणि हिरवा म्हणजे स्पार्टाचा ठिपक्यांचा की कारिस्टोसचा लाटांचा, हे मी विचारल्यावर घाबरून न जाता लाटांचा म्हणाल्या होत्या. मला त्या आवडल्या होत्या. तोवर लाद्या वाळल्या होत्या. वाळलेला, न घोटलेला दगड म्हणजे पीठ माखल्यासारखा, त्यात रंग असा नसतोच, शिरा नुसत्या पुसट दिसतात. म्हणून मी गिऱ्हाइकाला कोरडा दगड दाखवत नाही, आधी पाणी मारतो. त्या दिवशी पाणी मारायच्या आधीच त्या येऊन उभ्या राहिल्या. दोन पावलं पुढे आल्या, आणि थांबल्या.

"मिस्त्री, ही कोण आहे?"

माल्खस माझ्याकडे न बघता वाळू चाळायला लागला.

"दगड आहे बाईसाहेब," मी म्हणालो. "शिरा आहेत."

"मला वेडी समजू नका. डोक्यावरून घेतलंय तिने. मयताला निघाल्यासारखं." त्यांनी भिंतीचा हात काढून पोटावर ठेवला. "आणि हात पुढे केलाय. माझ्याकडे."

मी म्हणालो की दगडात माणूस दिसणं शुभ असतं, अमक्याच्या खाणीत देव निघाला होता, तमक्याच्या दगडात वनदेवता. जे काय आमच्या धंद्यात बोलतात ते सगळं बोललो. त्यांनी ऐकलंच नाही. "तिला चेहरा नाही," त्या म्हणाल्या. "माझी आई मला जन्म देताना गेली. मी तिचा चेहरा पाहिलेला नाही. चेहरा नसलेली बाई माझ्या घरात दुसरी कोण येणार?" इतकं सरळ, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं बोलल्या, आणि आत गेल्या.

संध्याकाळच्या आत वेनुस्तुस स्वतः अंगणात हजर. हा माणूस एके काळी गुलाम होता, आता माशाच्या खारट रसाचा मोठा व्यापारी. कितीही अत्तर लावलं तरी खाली तो वास असतोच, आणि त्याला स्वतःला ते माहीत असल्यामुळे मला तो माणूस बरा वाटतो. एरवी आला की पाठीवर थाप मारतो. त्या दिवशी मारली नाही.

"फोडून टाक," तो म्हणाला.

"मालक, हा जोड—"

"जोड गेला खड्ड्यात. ती जेवली नाही. उलट्या करतेय आणि म्हणतेय, ती मला न्यायला आलीय. दोन पोरं गेली आमची, नूमिदा. एक पोटात, एक नवव्या दिवशी, नाव ठेवायच्या दिवशीच. सुईण म्हणते, ही अशीच भीत राहिली तर पोरही जाईल आणि हीही. मला भिंत नको, बायको पाहिजे. उद्या सकाळी फोड. तुकडे फरशीत घाल, त्रिकोण कर, गोल कर, काय वाटेल ते कर. पण बाई राहता कामा नये."

"दुसऱ्या घरी लावतो की. असा जोड—"

"दुसऱ्या घरी उभी राहिली तरी ती आहेच ना? हिला कळेल. फोड." मग जाता जाता थांबला. "तुला दिसते का रे?"

"नाही," मी म्हणालो.

"मला दिसते," तो म्हणाला. "नसती दिसली तर बरं झालं असतं."

घरी जाताना मी नेहमीप्रमाणे नदीकाठच्या धक्क्यावरून गेलो. मला तिथे बरं वाटतं. सगळ्या जगाचे डोंगर तिथे चिखलात पडलेले असतात. इजिप्तचा जांभळा, ज्याच्यावर करवत आठवडाभर चालली तरी बोटभर आत जात नाही. फ्रीजियाचा पांढरा, जांभळ्या नसांचा, श्रीमंत बायकांच्या मनगटासारखा. ग्रीकांचे पांढरे, आणि त्या पांढऱ्यांतला कुठला कुठल्या बेटाचा हे मी कोपरा चाटून सांगू शकतो. लोक थट्टा करतात, पण आजवर चुकलेलो नाही. दगड कुठून आला ते मी सांगतो. त्या संध्याकाळी मात्र मला धक्क्यावर बरं वाटेना. वेनुस्तुसला दिसली, माल्खसला दिसली, त्या पोरीला तर पहिल्याच नजरेत दिसली. आणि ज्याच्या गावचा दगड, त्याला शिरा दिसतात. एवढी कसली झापड आलीय मला? की इतकी वर्षं मी दगडात दगडच बघत आलो म्हणून माझ्यातलं काहीतरी झिजून गेलं? या शहरात मेलेलं माणूस म्हणजे चेहरा. वेशीबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थडगी आहेत, आणि प्रत्येकावर चेहरे. खाटीक, दाया, मुक्त केलेले गुलाम, सगळे खिडकीतून बघावं तसे बघत असतात. वेनुस्तुसनेसुद्धा स्वतःचा चेहरा आधीच कोरून ठेवलाय, जरा बारीक करून. साबिदियाला आईचा चेहरा मिळाला नाही म्हणून ती भितेय. आणि मला? माझी आई मला जन्म देताना गेली नाही. मी चांगला चालता-बोलता, बकऱ्या हाकण्याएवढा होतो. मग तिचा चेहरा कसा होता?

मी धक्क्यावर उभा राहून आठवायला लागलो, आणि आठवेना. हे मला कधी कळलंच नव्हतं. माणसाला वाटत असतं की आहे घरात कुठेतरी, लागलं की काढू. मला तिच्या टाचा आठवल्या. भेगाळलेल्या, भेगांत पिवळी धूळ बसलेली, कितीही धुतल्या तरी न निघणारी. घागऱ्याची कड आठवली, एका बाजूने उसवलेली, चालताना मागे पडणारी. कमरेवरून ओघळलेलं पाणी. खाणीवर करवतींना पाणी लागतं, आणि आमच्या गावच्या बायका ते नदीवरून डोंगरावर वाहून नेत. उन्हाळ्यात दगड असा तापतो की अनवाणी पोराला उभं राहवत नाही. मी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, रडत रडत मागून. आणि तिचा आवाज. माझं खरं नाव नाम्फामो. आमच्या बोलीत त्याचा अर्थ चांगल्या पायगुणाचा. मी मागे राहिलो की ती चिडवायची, "चल रे, पायगुणाच्या." ताप येऊन ती गेली, आणि त्यानंतर एका मुकादमाने मला दगडांच्या गाड्यांबरोबर डोंगर ओलांडून थाब्राकाच्या बंदरात नेलं, आणि पुढे बोटीत दगड होते आणि मी होतो. सगळं आठवलं. वासही आठवला, ओल्या खापराचा. चेहऱ्याच्या जागी मात्र काही नाही.

घरी युओदिया मसूर शिजवत होती. माझी बायको ग्रीक, बोलायला तिखट. मी गप्प बसून जेवतोय हे बघून तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"काय झालं? कुणी तुझ्यापेक्षा चांगला जोड लावला की काय?"

"माझी आई कशी होती दिसायला, मी तुला कधी सांगितलंय का?"

"तू? सगळ्या जगाचे दगड सांगितलेस. आई नाही सांगितलीस." तिने माझ्या ताटात लसूण टाकला. "कशी होती?"

"बरी होती," मी म्हणालो.

"बरी म्हणजे?"

मी पाव मोडून खात राहिलो. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि युओदियाने पुन्हा न विचारणं म्हणजे तिला सगळं कळलेलं असणं. मला स्वतःची दया आली, आणि ती मला अजिबात आवडली नाही.

सकाळी अंगणात गेलो तेव्हा माल्खस आलेला नव्हता. मुद्दाम उशीर करत होता, त्याला फोडताना बघवलं नसतं. मी हातोडा काढला. घण मारून लादी फोडणारा तो हमाल, मिस्त्री नव्हे. लादी शिरेवर फुटते, शीर ओळखून तिच्या मुळाशी एक ठोका दिला की ती आपण होऊन दोन होते, आणि तुकडे कामाचे राहतात. शीर ओळखायची तर दगड ओला पाहिजे. तेव्हा मी बादली घेतली, स्पंज घेतला, आणि उजवीकडच्या लादीच्या पायाशी उकिडवा बसलो. खालून वर पुसत जायचं, म्हणजे पाण्याचे ओघळ आधीच ओल्या झालेल्या भागावर पडतात आणि फसवे डाग दिसत नाहीत. हे मी हजार वेळा केलंय. मी पुसायला लागलो आणि पिवळा रंग जागा व्हायला लागला. आधी लाल शिरेचं टोक, जमिनीजवळ, दोन फाटे फुटलेलं. मग वर, एका बाजूला जरा जास्त पसरलेली कड. मी तसाच बसून होतो, गुडघे छातीशी, मान वर, स्पंज जाईल तितका वर. आणि मग मी स्पंज खाली ठेवला.

टाचा होत्या त्या.

काल मी उभा राहून बघत होतो, हीच चूक. उभ्या माणसाला वाटतं, समोर कुणी उभं आहे म्हणजे आपल्याकडे तोंड करून उभं आहे. रोममध्ये तर असंच वाटणार, इथे प्रत्येक जण समोरून बघणाऱ्या चेहऱ्यांमध्ये वाढलेला. ती आमच्याकडे बघत नव्हतीच. ती पाठमोरी होती. डोक्यावरून घेतलेलं ते उन्हासाठी. कमरेशी होती ती घागर, डाव्या कमरेवर, कारण उजवा हात तिला मोकळा लागायचा. आणि उजवा हात मागे केलेला, बोटं जरा उघडी, वळून न बघता, कारण वळली तर पाणी सांडलं असतं. तो हात मला इतका ओळखीचा होता की माझा स्वतःचा हात आपोआप वर गेला. चेहरा आठवत नव्हता, कारण तो फार थोड्या वेळा बघितला होता. मी तिला अशी ओळखत होतो. मी तिच्या मागून चालणारा. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं. अंगणात कुणी नाही असं मला वाटलं होतं.

"फोडलं नाहीत अजून," साबिदिया म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या, खांद्यावर शाल, चेहरा रात्रभर जागलेला. "मला समोर फुटताना बघायचं होतं. नाहीतर तुम्ही लपवून ठेवाल. मिस्त्री लोकांचा भरवसा नाही."

"खरं आहे," मी म्हणालो. डोळे पुसायची मला लाज वाटली नाही. "बाईसाहेब, इथे खाली बसता का?"

"मला बसता येत नाही. हे पोट बघताय ना?"

"मग वाका. माझ्या खांद्यावर हात ठेवा. आणि खालून बघा. पायांपासून."

का कुणास ठाऊक, त्या आल्या. कदाचित त्यांनी म्हातारा मिस्त्री कधी रडताना पाहिला नसेल. माझ्या खांद्यावर त्यांनी पूर्ण भार दिला आणि हळूहळू खाली वाकल्या. मी राहिलेल्या भागावर स्पंज फिरवला, वरपर्यंत, आणि दगड सगळा उजळला.

"टाचा दिसतात?" मी म्हणालो. "ही घागऱ्याची कड. मागे पडलेली. पुढून कड अशी मागे पडत नाही."

त्या आणखी खाली वाकल्या.

"ती तुमच्याकडे येत नाही, बाईसाहेब. ती चाललीय. वर, चढावर. पाठ आहे तिची. म्हणून चेहरा नाही."

"मग हात?" त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "हात कशाला केलाय?"

"मागे पोर राहिलंय. पाय भाजताहेत म्हणून रडतंय. त्याने धरावं म्हणून."

खांद्यावरची बोटं घट्ट झाली. मी उकिडवा, त्या माझ्यावर रेललेल्या. त्यांचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता. मला भीती वाटत होती हे मी कबूल करतो, कारण त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला हातोडा उचलावाच लागला असता, आणि मी तो उचलला असता. जिवंत पोरीपेक्षा दगड मोठा नाही, माझ्या आईचा असला तरी.

"तुम्हाला कसं माहीत?" त्या म्हणाल्या.

"ते पोर मीच."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, हा म्हातारा थट्टा तर करत नाही ना, म्हणून. मग परत दगडाकडे. उजव्या लादीवरून त्यांची नजर डाव्या लादीवर गेली. ती मी ओली केली नव्हती, तिथली बाई अजून पिठात होती. त्यांनी माझ्या हातातून स्पंज घेतला. एवढं मोठं पोट सांभाळत, एका हाताने भिंत धरून, त्यांनी स्वतः डावी लादी खालून वर पुसायला सुरुवात केली. पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, शाल भिजली. टाचा आल्या. कड आली. मागे केलेला हात आला, या लादीवर डावा. त्या हातापाशी त्या थांबल्या.

"दोघी आहेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"एकीच्या मागे तुम्ही."

त्यांनी आपली ओली बोटं दगडातल्या बोटांवर ठेवली, जरा वेळ ठेवली. तेवढ्यात मागच्या दाराने माल्खस आला, आम्हाला बघून दारातच थबकला. ऊन वर आलं होतं. लाद्या कडेने वाळायला लागल्या होत्या, आणि घागऱ्याची कड पुन्हा पांढुरकी होत चालली होती.

"वाळतेय," साबिदिया घाईने म्हणाल्या. "जाईल ना ती आता?"

"घोटली की जाणार नाही. घोटणं म्हणजे दुसरं काय, दगड कायमचा ओला ठेवायचा."

त्या सरळ झाल्या, कमरेला हात लावून, आणि भिजलेली शाल पिळली. आतून वेनुस्तुस हाका मारत होता, काय झालं, फुटला का, म्हणून.

"घोटा मग," त्या मला म्हणाल्या, आणि जेवायला आत गेल्या.

माल्खसने घोटायचा दगड आणि पूड आणली. मी त्याला पाणी धरायला सांगितलं आणि त्या मागे केलेल्या हातापासून सुरुवात केली.